ट्रंकेतले फोटो, निगेटिव्ह आणि सेवापुस्तक: एप्सन परफेक्शन व्ही६०० स्कॅनरचं परीक्षण

लष्करात उमेदीची वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाच्या ट्रंकेत काय निघणार हे बरंचसं ठरलेलं असतं. प्रशिक्षणाच्या तुकडीचा पुठ्ठ्यावर चिकटवलेला लांबरुंद समूहफोटो, तळहातावर मावतील असे कातरकडांचे काळे-पांढरे फोटो, पाकिटात वळकटी होऊन बसलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या, स्लाइडचा एखादा डबा, सेवापुस्तक, बदलीचे हुकूम, प्रशस्तिपत्र, पदकांच्या फिती. त्यातच लग्नाचा अल्बम, मुलांनी पाठवलेली पत्रं आणि दुसऱ्या नोकरीतली ओळखपत्रं मिसळलेली. हे सगळं एकाच यंत्राने संगणकावर उतरवायचं असेल तर एप्सनचा परफेक्शन व्ही६०० ही चांगली निवड आहे. मात्र खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ६४०० डीपीआयसाठी (डीपीआय म्हणजे एका इंचात टिपले जाणारे ठिपके) तो घेऊ नका. तो घ्यायचा दोन गोष्टींसाठी: आतला सीसीडी सेन्सर, आणि निगेटिव्हमधून प्रकाश पाडण्यासाठी झाकणात बसवलेला दुसरा दिवा.

चपटे, हलके स्कॅनर बहुतेक सीआयएस सेन्सरचे असतात. त्यात सेन्सरची पट्टी काचेला जवळपास लागूनच फिरते. कागद काचेपासून दोन-तीन मिलिमीटर उचलला गेला की अक्षरं धूसर होतात. सीसीडी स्कॅनरमध्ये आरसे आणि भिंग यांच्या मदतीने प्रतिमा सेन्सरवर पाडली जाते, त्यामुळे काचेच्या किंचित वर असलेली वस्तूही स्पष्ट येते. ट्रंकेतल्या ऐवजाला नेमकं हेच लागतं. सेवापुस्तक शिवणीजवळ कधीच सपाट बसत नाही, जुना फोटो कडेला वळलेला असतो, प्रशस्तिपत्रावरचा ठसा कागदातून वर उठलेला असतो. सीआयएसवर हे दाबून सपाट करण्याचा मोह होतो आणि तिथेच शिवण उसवते किंवा फोटोला तडा जातो. व्ही६००वर दाबावं लागत नाही. त्याबदल्यात यंत्र जाडजूड आहे. लांबी साधारण ४८.५ सेंटीमीटर, रुंदी २८, उंची १२च्या आसपास आणि वजन चार किलो. रोज काढून ठेवण्यासारखं नाही; काम संपेपर्यंत त्याला एक टेबल द्यावंच लागतं.

दिवा एलईडीचा असल्यामुळे तापायला वेळ लागत नाही. बटण दाबलं की काम सुरू. काच २१६ बाय २९७ मिलिमीटरची, म्हणजे ए-फोर कागदाएवढी.

धुळीचं आधी बघा, कारण पुढचा निम्मा त्रास तिचाच असतो. काचेवर हवेचा रबरी पंप मारायचा, मग कोरडं मायक्रोफायबर कापड फिरवायचं. द्रव थेट काचेवर फवारू नका. कडेने आत उतरतो आणि मागे डाग सोडतो. कापड किंचित ओलं करून पुसा. दहा-बारा फोटो झाले की पुन्हा पंप. काही वर्षांच्या वापरानंतर काचेच्या आतल्या बाजूला पुसट धुकं धरतं. गडद फोटोंमध्ये काळा रंग राखाडी दिसायला लागला की हेच कारण असण्याची शक्यता मोठी. वापरलेलं यंत्र विकत घेताना झाकण उघडून काचेवर तिरका टॉर्च मारून बघा. फोटोवरची धूळ मऊ ब्रशने झटका, पाणी अजिबात नको. प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते आणि ओली झाली की ती बोटाबरोबर निघून येते.

किती डीपीआयवर स्कॅन करायचं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. दहा बाय पंधरा सेंटीमीटरचा फोटो ६०० डीपीआयवर काढला तर २३६२ बाय ३५४३ पिक्सेल मिळतात, म्हणजे सुमारे ८४ लाख. आकार न घटवलेली २४ बिटची (म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या रंगाला २४ बिट) फाइल २५ मेगाबाइटची होते, ४८ बिटची त्याच्या दुप्पट. बहुतेक रंगीत छापील फोटोंना एवढं पुरतं. फोटोच्या कागदात याहून जास्त तपशील क्वचितच असतो. याला एक मोठा अपवाद आहे. सहा बाय नऊ सेंटीमीटरचे जुने छोटे फोटो बऱ्याचदा निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले असतात. भिंगातून मोठं करताना जी धार जाते ती यांची गेलेली नसते. असे फोटो १२०० डीपीआयवर काढा. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या जवानाच्या खांद्यावरचं चिन्ह वाचता येतं, मागच्या फलकावरचं नाव लागतं, आणि त्यावरून पुष्कळदा ठिकाणही सापडतं.

समूहफोटोलाही १२०० डीपीआय द्या, कारण साठ-सत्तर माणसांत एकेक चेहरा नखाएवढा असतो. अडचण आकाराची. पुठ्ठ्यासकट तो ए-फोरपेक्षा मोठा असतो, म्हणून तुकड्यातुकड्याने घ्यावा लागतो. स्कॅनर बंद करा, झाकणाची केबल काढा आणि झाकण सरळ वर उचलून बाजूला ठेवा. फोटो काचेवर पालथा घालून वरून काळं कापड टाका. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर किमान चौथा हिस्सा तरी चढला पाहिजे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आपोआप होणारं उजेडाचं जुळवणं बंद करा आणि सगळ्या तुकड्यांना तीच सेटिंग ठेवा. नाहीतर एका तुकड्यातलं आभाळ पांढरं आणि शेजारचं राखाडी येतं, आणि जोड कितीही सफाईने लावला तरी दिसतो. जोडायला ह्यूगिन हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. पुठ्ठा काचेभोवतीच्या चौकटीवर टेकून थोडा उंच राहतो; इथेही सीसीडी सांभाळून घेतो. खालची नावांची पट्टी वेगळी स्कॅन करायला विसरू नका. फोटोपेक्षा तिची शाई लवकर उडते. समूहफोटो वळकटी करून ठेवलेला असेल आणि उलगडताना कुरकुरत असेल तर तिथेच थांबा. त्याला आधी दमट हवेत मऊ करावं लागतं आणि ते काम जाणकार संवर्धकाचं आहे.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या गडद भागावर निळसर चंदेरी झाक येते. तो डाग नसून कागदातली चांदी पृष्ठभागावर आलेली असते. पुसून जात नाही, पुसूही नका. स्कॅन करताना फोटो ९० अंशांत फिरवून बघा. दिव्याचा कोन बदलला की झाक कधीकधी बरीच कमी दिसते. रेशमी किंवा मधाच्या पोळ्यासारख्या पोताचे फोटो याहून त्रासदायक. दिवा एका बाजूने पडतो, पोताच्या प्रत्येक टेकाडाची सावली उमटते आणि चेहऱ्यावर पुरळ आल्यासारखं दिसतं. एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करा. दुसरी प्रतिमा संगणकावर उलट फिरवून पहिलीवर बसवा आणि दोन्हींची सरासरी घ्या, म्हणजे वरच्या थराची पारदर्शकता ५० टक्के. समोरासमोरच्या सावल्या एकमेकींना बऱ्याच अंशी पुसतात. वेळ दुप्पट लागतो. लग्नाच्या किंवा शपथविधीच्या फोटोसाठी तो जरूर द्या, सगळ्यांसाठी नको.

आता फिल्म. इथे ६४०० या आकड्याचा खरा हिशोब होतो. स्कॅनर किंवा भिंगाची ताकद मोजायला जगभर वापरला जाणारा रेषांचा तक्ता अमेरिकी हवाई दलाने १९५१ मध्ये ठरवलेला आहे. तो या यंत्रावर ठेवला तर प्रत्यक्षात सुटणारा तपशील १५०० ते १६०० डीपीआयच्या आसपास भरतो. बाकीचे पिक्सेल असतात, पण त्यांत नवीन माहिती नसते. ३५ मिमीची एक चौकट, म्हणजे फिल्मवरचं एक चित्र, ६४००वर काढली तर साडेपाच कोटी पिक्सेल आणि २४ बिटमध्ये १६५ मेगाबाइटची फाइल होते. त्यातला खरा ऐवज ३५ लाख पिक्सेलच्या आतबाहेर. म्हणून ३२०० डीपीआयवर स्कॅन करून आकार निम्मा करावा. रवाळपणा कमी होतो आणि धार टिकते. अशा प्रतिमेतून १३ बाय १८ सेंटीमीटरची छपाई व्यवस्थित निघते. त्याहून मोठी नाही.

याउलट १२० नंबरच्या फिल्मवर, म्हणजे सहा बाय सहा किंवा सहा बाय नऊच्या जुन्या निगेटिव्हवर, हाच स्कॅनर फार सुंदर काम करतो. चौकटच मोठी असल्यामुळे १६०० डीपीआयनेही सहा बाय सहामधून सव्वा कोटी पिक्सेलचा खरा तपशील मिळतो. ट्रंकेत पेटी कॅमेऱ्याच्या किंवा दोन भिंगांच्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह असतील तर केवळ तेवढ्यासाठी हे यंत्र घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. त्यांचे छापील फोटो फिकट झालेले असतात, निगेटिव्ह बहुधा झालेली नसते.

फिल्म लावण्याआधी झाकणातली पांढरी गादी सरकवून काढा. ती राहिली तर वरचा दिवा झाकलेला राहतो आणि पडद्यावर नुसता काळोख दिसतो. ३५ मिमीच्या होल्डरमध्ये सहा-सहा चौकटींच्या दोन पट्ट्या किंवा चार स्लाइड बसतात. होल्डरच्या टोकाला एक मोकळी खिडकी आहे, तिथे यंत्र स्वतःचा उजेड जुळवतं. तिच्यावर फिल्मचं टोक किंवा एखादा केस आला तर संपूर्ण प्रतिमेत आरपार रेघ पडते. सगळ्या चौकटींत एकाच जागी रेघ दिसली तर आधी ही खिडकी आणि तिच्याखालची काच पुसा.

पट्टीची चकचकीत बाजू काचेकडे. उलटी लागली तर प्रतिमा आरशातल्यासारखी येते आणि नुसता चेहरा बघून ते कळत नाही. गणवेशावरून कळतं. नावाची पट्टी आणि खांद्यावरची अक्षरं वाचून बघा. ती दिसत नसतील तर पदकं बघा, कारण बहुतेक सैन्यांत ती डाव्या छातीवर लावतात. मात्र ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये दिवंगत आप्तांची पदकं वारस उजव्या छातीवर लावतात, त्यामुळे साध्या पोशाखातल्या माणसाच्या बाबतीत बटणांची बाजू आणि मागच्या पाट्याही तपासा.

होल्डर हा या यंत्राचा कच्चा दुवा. प्लास्टिक पातळ, उंची ठरलेली, आणि स्कॅनरला स्वतःहून फोकस जुळवता येत नाही. सगळ्या चौकटी सारख्याच धूसर दिसत असतील तर होल्डरच्या चारही कोपऱ्यांखाली पाव मिलिमीटर जाडीच्या कार्डाचा एकेक तुकडा ठेवून तीच चौकट पुन्हा काढा, मग दोन तुकडे ठेवून. जिथे फिल्मचे रवे सर्वांत टोकदार दिसतील ती उंची कायम करून तुकडे चिकटवून टाका. वळलेली पट्टी काचेला टेकली की रंगीत कड्यांसारखी वलयं उमटतात. त्यावर उपाय म्हणजे पट्ट्या पारदर्शक पाकिटात घालून जाड पुस्तकांच्या ढिगाखाली आठवडाभर ठेवणे. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर तिचा ॲसिटेटचा पाया कुजू लागला आहे. ती सर्वांत आधी स्कॅन करा आणि बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, कारण हा वायू शेजारच्या फिल्मलाही बिघडवतो. १९५१ च्या आधीच्या ज्या निगेटिव्हच्या कडेवर ‘सेफ्टी’ हा शब्द नाही, तिच्याबाबत जास्त सावध राहा. तिचा पाया नायट्रेटचा असू शकतो आणि तो भडकन पेटतो.

डिजिटल आइस हे धूळ आणि ओरखडे काढणारं तंत्र या यंत्राचं मोठं आकर्षण आहे. त्याची जागा मात्र समजून घ्यायला हवी. स्कॅनर एक फेरी अवरक्त किरणांनी मारतो. रंगीत फिल्ममधले रंग या किरणांना पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे नसतात. म्हणून दोष नेमके सापडतात आणि भरून काढले जातात. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये प्रतिमा चांदीची असते आणि चांदी हे किरण अडवते. यंत्राला सगळी प्रतिमाच धूळ वाटते आणि चेहरे मेणासारखे वितळतात. तेव्हा काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हला आइस बंदच ठेवा. १९३५ ते २००९ या काळात बनलेल्या कोडाक्रोम स्लाइडवरही ते बेभरवशाचं आहे. गडद कडांवर विचित्र ठिपके येतात. साध्या रंगीत निगेटिव्हवर मात्र ते अक्षरशः तासन्‌तास वाचवतं. एका होल्डरमधल्या बारा चौकटी आइससह काढायला अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त धरून चाला. छापील फोटोंवरच्या घड्या पुसायलाही आइसची सोय आहे, पण ती मंद आहे आणि फोटो उत्तम असेल तर निरर्थक.

स्लाइड हा या स्कॅनरचा सर्वांत दुबळा विषय. स्लाइडचे काळे भाग निगेटिव्हपेक्षा कितीतरी दाट असतात आणि ३.४ डीमॅक्सच्या (किती दाट काळ्यापर्यंत तपशील वाचता येतो त्याचं माप) यंत्राला त्यांत शिरता येत नाही. सावलीतल्या गणवेशाच्या जागी दाणेदार चिखल येतो. पन्नास-साठ स्लाइड असतील तर चालवून घ्या. चारशे-पाचशे चांगल्या स्लाइड असतील तर प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्म ८२००आयसारखा निव्वळ ३५ मिमीचा स्कॅनर बघा, किंवा मॅक्रो भिंगाचा कॅमेरा आणि प्रकाशपाटी वापरा. एप्सनचाच व्ही८५० याच कामात पुढे आहे: डीमॅक्स ४.०, दोन भिंगं, उंची बदलता येणारे होल्डर, एका वेळी बारा स्लाइड. केवळ छापील फोटोंचे गठ्ठे असतील आणि ते धडधाकट असतील तर एप्सनचाच, रुळांतून फोटो आत घेणारा फास्टफोटो एफएफ-६८०डब्ल्यू ३०० डीपीआयवर सेकंदाला एक या वेगाने ते ओढतो. पण तडे गेलेला किंवा मागे गोंद लागलेला फोटो रुळांमध्ये कधीही घालू नये.

कागदपत्रांना ३०० डीपीआय पुरे. पेन्सिलची टिपणं, पुसट शिक्के असतील तर ४००. ‘काळे-पांढरे’ हा पर्याय टाळून रंगीतच काढा, कारण जांभळ्या शिक्क्याखालची निळी सही रंगामुळेच वेगळी काढता येते. पातळ कागदाची मागची अक्षरं पुढे दिसत असतील तर कागदामागे काळा कागद ठेवा. सेवापुस्तकाची कोरी पानंही सोडू नका. पानांचे क्रमांक सलग असले की नोंद गहाळ झालेली नाही हे दाखवता येतं. सरकारी दप्तरात प्रत आहेच, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. अमेरिकेत सेंट लुइस इथल्या सैनिकी नोंदींच्या कार्यालयाला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी फाइली गेल्या. १९१२ ते १९६० मध्ये सेवामुक्त झालेल्या भूदलातल्या लोकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात होत्या. त्यानंतर ज्यांच्या घरी कागद होते त्यांचाच इतिहास सहज उभा राहू शकला. मात्र हे स्कॅन आंतरजालावर टाकू नका. सैनिक क्रमांक, जन्मतारीख आणि सही एकाच पानावर असणं फसवणूक करणाऱ्याला पुरेसं आहे.

पदकं काचेवर थेट ठेवायची नाहीत. मागची पिन ओरखडा काढते. मध्ये स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा कागद घाला, झाकण उघडं ठेवून वरून काळं कापड टाका. फितीचे रंग आणि विणकाम ६०० डीपीआयवर छान येतं. धातूची चकाकी मात्र नीट येत नाही. पदकाच्या कडेवर नाव कोरलेलं असेल तर तिथे कॅमेराच हवा. निवृत्तीनंतरच्या छंदांपैकी टपाल तिकिटं, भरतकाम, वाळवलेली पानं यांना हे यंत्र लाभतं. तिकिटांची दातेरी कड मोजायची तर १२०० डीपीआय ठेवा. लाकडी कोरीवकामाला त्याचा उपयोग नाही, खोलीची सगळी गंमत सपाट होते.

सोबतचं एप्सन स्कॅन सॉफ्टवेअर ठीक आहे. व्यावसायिक मोडमध्ये जा, अनशार्प मास्क (धार कृत्रिमपणे वाढवणारा पर्याय) बंद करा, ४८ बिट निवडा, टिफ या फाइलप्रकारात साठवा. लालसर पडलेल्या रंगीत फोटोंना ‘रंग पूर्ववत करा’ हा पर्याय आश्चर्यकारक चांगला उपयोगी पडतो, पण मूळ प्रत त्याशिवाय काढून ठेवा. चौकटी आपोआप कापण्याची सोय रात्रीच्या चित्रांत हमखास चुकते. तिथे साधा प्रीव्ह्यू घेऊन चौकट हाताने आखा. संगणक नवा आणि सॉफ्टवेअर रुसलेलं असेल तर व्ह्यूस्कॅन हे दुसरं स्कॅनिंग सॉफ्टवेअर वापरता येतं.

यंत्राचं काम इथे संपतं. आता नावं लिहायची, आणि ही पायरी टाळली तर आधीची मेहनत फुकट जाते. प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, सेन्सॉरचा शिक्का, आजीच्या अक्षरातली ओळ तिथेच असते. मागे मऊ पेन्सिलने हलका क्रमांक घाला, पेन कधीच नको. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा: १९७४-००-००_०४१_पुढची आणि १९७४-००-००_०४१_मागची. महिना माहीत नसेल तर शून्य. अंदाजाचं वर्ष असेल तर तसं वर्णनात लिहा. माणसाचं नाव लिहिताना फोटो काढला तेव्हाचा हुद्दा लिहा, निवृत्तीच्या वेळचा नाही. नंतर कोणी कागदांशी ताडून पाहिलं तर तारीख ठरवायला हाच धागा उपयोगी पडतो. वर्णन फाइलच्या आतल्या आयपीटीसी रकान्यात, म्हणजे फोटोची माहिती लिहायच्या ठरलेल्या जागेत, भरा. फोल्डर इकडचे तिकडे झाले तरी ते फोटोबरोबर जातं.

होल्डर फिरत असतानाच्या अर्ध्या तासात आजोबांसमोर आधीचे फोटो पडद्यावर लावा, नातवंडांपैकी कोणी प्रश्न विचारावेत आणि फोनवर आवाज मुद्रित करावा. डावीकडून तिसरा कोण, फोटो कोणी काढला, हे ठिकाण कोणतं, यानंतर कुठे बदली झाली: असे नेमके प्रश्न. ‘तेव्हाचं काहीतरी सांगा’ असं म्हटलं की माणूस गप्प बसतो. आवाजाच्या फाइलला फोटोचाच क्रमांक द्या. एका बैठकीत वीस-पंचवीस फोटोंच्या पुढे जाऊ नका, थकल्यावर नावांची अदलाबदल होते.

या सगळ्या फाइलींच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. मूळ फोटो पुन्हा त्या चिकट पानांच्या अल्बममध्ये जाऊ देऊ नका; दात साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) मागून हळूहळू ओढत ते सोडवता येतात. नवी पाकिटं घेताना ती आम्लमुक्त आहेत एवढंच बघून थांबू नका, फोटोंसाठीच्या आयएसओ १८९१६ चाचणीत उतरलेली आहेत का ते बघा. पाकिटावर लिहायचं ते फोटो आत घालण्यापूर्वी लिहा.